कात्रीची खूण

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत होतो. फोन माझ्या मेहुण्याचा, अविनाशचा, पालघरच्या त्यांच्या घरातून. "दादा, गेली," एवढंच म्हणाला. मी कप धुऊन जागेवर ठेवला, गेटपास घेतला आणि बोईसरहून पालघरला न जाता आधी चिंचणीला आईकडे गेलो. हे तिला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आई वाडीत चिकूखालचा पाचोळा काढत होती. माझ्याकडे एकदा बघितलं आणि झाडू तिथेच टाकून घरात पातळ बदलायला गेली. मला तोंड उघडावंच लागलं नाही... त्याला आता काही आठवडे झालेत. बहिणीबद्दल लिहायला बसलोय खरा, पण लेखाची सुरुवात गोड आठवणींनी करावी म्हणतात ते मला जमणार नाही. माझा अजून तिच्यावर थोडा राग आहे.

सुजाता माझ्याहून बरीच धाकटी. लहानपणापासून तिला कुठल्याही गोष्टीवर सरळ विश्वास ठेवायचा म्हणजे जिवावर यायचं. एका वर्षी आमच्या मोठ्या चिकूची फळं गळायला लागली. आईनं नजर लागली म्हणून बुंध्याला काळी दोरी बांधली, आणि खरोखर गळ थांबली. आई खूश. ही फ्रॉकातली पोर कुंपणाकडच्या दुसऱ्या झाडावर पाळत ठेवून होती. जेवताना म्हणाली, त्या झाडाला दोरी नव्हती, त्याचीही गळ थांबली. आई शांतपणे म्हणाली, "मंग त्यालाबी बांदते." आम्ही किती तरी दिवस सुजाताला यावरून चिडवलं. पुढे ती मुंबईला संशोधन करायला गेली तेव्हा मी पाहुण्यांना सांगायचो, आमची बाई दोरी न बांधलेली झाडं बघायचा पगार घेते. तसं बघितलं तर मीही तेच करतो. तारापूरच्या एका औषध कंपनीत तपासणी विभागात मी इतकी वर्षं नोकरी करतोय.

तिचं काम तिनं मला एकदा वाडीतल्या बाकावर बसून समजावलं होतं. कर्करोगाची गाठ म्हणजे आपल्याच बिघडलेल्या पेशी. शरीरातल्या राखणदार पेशींनी त्यांना ओळखून मारायला हवं, पण गाठ त्यांच्यापासून लपते. ती नेमकी कुठल्या जनुकांच्या जोरावर लपते, हे सुजाताला शोधायचं होतं. म्हणून ती उंदराच्या गाठीतल्या पेशी घ्यायची, एक जनुक कापून बंद करायची आणि त्या पेशी उंदराला टोचायची. जनुक बंद केल्यावर उंदराच्या राखणदारांनी गाठ खाऊन टाकली, तर ते जनुक लपवण्याच्या कामाचं. कापायला कात्री असते तीही सूक्ष्मच, जिवाणूंकडून उसनी आणलेलं एक प्रथिन. मी विचारलं, एवढी जनुकं, मग किती वर्षं कापत बसणार? ती हसून म्हणाली, "निवृत्तीपर्यंतची सोय आहे, दादा."

तशी ती झाली नाही. साध्या खोकल्याचं निमित्त झालं आणि फुप्फुसात गाठ निघाली. जन्मात विडीच्या धुरात उभी न राहिलेली बाई. नातेवाइकांनी लगेच कारण शोधलं, कंपन्यांचा धूर, कंपन्यांचं पाणी, आणि बोलताना सगळे माझ्याकडे बघायचे. मी गप्प बसायचो, कारण मलाही ते खोटं आहे असं छातीठोक सांगता येत नव्हतं. सुजाता मात्र म्हणायची, एका माणसावरून हे ठरत नाही, गावोगावी नीट मोजायला हवं आणि ते मोजा म्हणून ओरडायलाही हवं. राखणदार पेशींना जागं करणारं महागडं औषध तिला देऊन झालं. गाठ ढिम्म हलली नाही. आणि नेमकं त्याच दिवसांत तिच्या प्रयोगशाळेत एक जनुक बंद केलेल्या पेशी टोचलेल्या उंदरांच्या गाठी विरघळून गेल्या. एकूण एक.

तो हिवाळा मी विसरणार नाही. तिनं आम्हाला दहा वेळा बजावलं की उंदरातून माणसात यायला वर्षं लागतात, माझ्यासाठी याचा उपयोग नाही. पण बोलताना तिचे स्वतःचेच डोळे चमकायचे, ते आम्हाला दिसत होतं ना! वाडीत उकडहंडी लावली. आईनं मडक्यात कंद, वालाच्या शेंगा भरल्या, तोंडाला पाला कोंबला, आणि ते आगीवर असताना येईल त्याला सांगत सुटली की माझ्या पोरीनं कॅन्सरचं औषध शोधलंय. सुजातानं दोनदा तिला थांबवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मीही मनातल्या मनात हिशेब मांडत होतो, परवानग्या लवकर मिळाल्या तर, परदेशात कुणी आधीच चाचण्या सुरू केल्या असतील तर... शिकलेला माणूस आशेला लागला की अडाण्याहून वाईट. त्याला कारणं पुष्कळ सुचतात.

पुढच्या भाऊबीजेला ती बोईसरला माझ्याकडे आली. ओवाळून झाल्यावर मी सहज कंपनीतली एक गंमत सांगत बसलो. एका औषधात भलताच पदार्थ दिसत होता. प्रत्येक नमुन्यात तेच. सगळे उत्पादनवाल्यांवर घसरले. शेवटी मी औषध न घालता नुसता द्राव बाटलीत भरून यंत्रावर चालवला, तर त्यातही तो पदार्थ हजर. बाटलीच्या रबरी बुचातून उतरत होता. मी हसत होतो. सुजातानं हातातली चकली ताटात ठेवली. मग म्हणाली, "दादा, आमची कात्रीही पेशीत आतच राहते."

मला तेव्हा कळलं नाही. घरी जाऊन रात्री तिनं फोनवर सांगितलं. कात्री जिवाणूची, म्हणजे उंदराला परकी. ती पेशीत राहिली, तर राखणदार कात्रीलाच ओळखून पेशी मारत असतील. गाठी विरघळल्या त्या जनुक बंद झाल्यामुळे की कात्री आत राहिल्यामुळे, हे कुणी बघितलंच नव्हतं. तुलनेला ठेवलेल्या पेशींना कात्री लागलेलीच नव्हती. तिचे सर म्हणाले, निष्कर्ष आधी पाठवू, शंका मागाहून बघू. ती ऐकेना. सलाइनच्या दोन खेपांच्या मधल्या दिवसांत, तोंडाला मास्क लावून, भिंतीचा आधार घेत प्रयोगशाळेत जायची. तिनं दोन तऱ्हेच्या पेशी बनवल्या. एकीत कात्री ठेवली पण काहीच निकामी केलं नाही. दुसरीत जनुक बंद केलं, पण कात्री थोड्याच वेळात नाहीशी होईल अशी घातली. पहिल्या पेशींच्या गाठी विरघळल्या. दुसऱ्यांच्या गाठी मजेत वाढल्या. जनुकाचा काही संबंध नव्हता... बूच, नुसतं बूच.

हा निकाल कळला त्या दिवशी मला स्वतःच्या तोंडाचा राग आला आणि तिच्या हट्टाचाही. ज्या बाईला स्वतःला आशेची गरज होती, तिनं ती आपल्या हातांनी तपासून मोडावी? शेवटच्या भेटीत, पालघरला तिच्या पलंगाशी बसून मी ते तिला बोललो. म्हटलं, चार महिने उशिरा केलं असतंस तर काय बिघडत होतं? तिला धाप लागायची, एकेक शब्द सुटा यायचा. म्हणाली, "माझं काही बिघडलं नसतं. पण कुणीतरी यावर थांबलं असतं, दादा." मग डोळे मिटून म्हणाली की आईला आत्ता सांगू नको, मी गेल्यावर सांग, पण सांग नक्की. मी हो म्हणालो. मनातून मला ते पटलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईकडे तेवढंच सुख उरणार, ते कुणाच्या भल्यासाठी काढून घ्यायचं, असं मला वाटत होतं.

दिवसकार्य झालं. आई ओटीवर सुजाताचा फोटो लावून बसायची आणि समाचाराला येणाऱ्यांना सांगायची की पोर गेली, पण औषध ठेवून गेली. मी दर रविवारी सांगायचं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. मागच्या रविवारी गेलो तर ओटीवर काशीबाय बसलेली. ती नवापूरची, वर्षानुवर्षं आमच्याकडे मासळी आणते. त्या दिवशी टोपली नव्हती. तिच्या सुनेला स्तनाचा कर्करोग आहे, हे मला माहीत होतं. मुंबईला उपचार चालू आहेत आणि डॉक्टर म्हणतात गुण येतोय, हेही ऐकलं होतं. काशीबाय मला म्हणाली, "भाऊ, सून आता जायला नाय बगत. केस गेले, काय खाल्लेलं ठरत नाय. आई बोलते सुजाताबायचं औषद येनार हाय. मंग तवर थांबू का आमी? पुढची तारीख उद्याची हाय."

आई माझ्याकडे मोठ्या अभिमानानं बघत होती. मी चप्पल काढून खाली ओटीच्या कडेला बसलो. मी काशीबायला सांगितलं की असं औषध नाही. येणारही नाही. उंदरांच्या गाठी गेल्या त्या दुसऱ्याच कारणानं, आणि थांबू नका, उद्या जाच. आईनं विचारलं, "कोन बोलतं असं? त्या मोट्या सायबानं लिवलंय?" मी म्हटलं, "नाही आई. सुजातानंच शोधून काढलं. शेवटच्या दिवसांत, आजारपणात जाऊन. साहेब नको म्हणत होते."

आईनं फोटोकडे बघितलं. पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं आता ती मोडणार, आणि ते मी केलं... मग ती काशीबायकडे वळली आणि तिचा हात धरून म्हणाली, "उद्या सकालच्या गाडीनं ने तिला. थांबू नको. माज्या पोरीनं सोता तपासलंय."