लाल बल्बवाली

सावेबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर बाईंचाच धडा, तंतुकणिका म्हणजे मायटोकाँड्रिया, शिकवत होते. कुणाला वाटेल, मी जुळवून सांगतेय; पण वेळापत्रकच तसं होतं, त्याला मी काय करणार! फोन त्यांच्या सुनेचा, वैशालीचा. "ताई, आई गेल्या. सकाळी चहा घेतला आणि..." मी धडा पुरा केला, कारण अर्धवट सोडलेला धडा बाईंना चालत नसे, आणि मग डहाणूची एसटी धरली.

तलासरीच्या शाळेत त्या आम्हाला विज्ञान शिकवायच्या. मी उधव्याची, पाड्यावरची. घरात वारली, बाजारात गुजराती, मराठी फक्त शाळेत. बाकीचे शिक्षक प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देऊन मोकळे व्हायचे. बाई प्रश्न विचारायच्या, फळ्याकडे वळायच्या आणि हातांचा खडू सावकाश पुसत बसायच्या. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "मुलं फार हळू आहेत तुमची." बाई म्हणाल्या, "उत्तर घरच्या भाषेतून निघालंय साहेब. लांबून चालत येतंय, जरा थांबा."

तंतुकणिकेच्या धड्याला त्यांनी वालाचा दाणा आणला होता. पेशीत अशा आकाराच्या बारीक कणिका असतात, आत घड्याच घड्या, आणि तिथे पेशीची शक्ती तयार होते, असं सांगून त्यांनी विचारलं, "त्या थकल्या तर काय होईल?" बऱ्याच वेळाने मी उठले. "आमच्या पाड्यावरला बल्ब, बाई... संध्याकाळी लाल होतो. तसा." वर्ग खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत. पुढे दरवर्षी त्यांनी तो धडा माझ्या लाल बल्बनेच शिकवला, हे मला नंतरच्या मुलांकडून कळलं.

२०१५च्या सुमारास, निवृत्तीनंतर, एका शनिवारी त्या चिंचणीला मासळी घ्यायला दोनदा गेल्या. दुसऱ्या खेपेला कोळीणच म्हणाली, "अगो बाय, सकालीच नेलेस ना बोंबील!" त्या हसल्या, पण मनातून चरकल्या असणार. मुंबईच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. मी भेटायला गेले तर बाई ओटीवर बसून रिपोर्टच्या पाकिटावर पेनने वालाचा दाणा काढत होत्या.

"बस. मेंदूला शक्ती लागते फार, आणि वय झालं की या तंतुकणिका कमी शक्ती तयार करतात. खराब झालेल्या वेळच्या वेळी काढून टाकायचं कामही मंदावतं. मज्जापेशीची शेपटी लांबलचक, तिच्या टोकापर्यंत ताज्या कणिका पोचत नाहीत. या आजारात हे सगळं आणखी बिघडतं. टोकाच्या पाड्यावर तुझा बल्ब लाल."

"म्हणजे आजाराचं कारण हेच?"

"कारण की परिणाम, यावर अजून वाद आहे. परीक्षेच्या पेपरात ठामपणे लिहू नकोस." मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "बल्ब गेला असं लगेच ठरवू नका गं माझ्याबाबतीत. व्होल्टेज कमी असेल. थांबत जा."

मी मान डोलावली. आणि पुढची तीन-चार वर्षं नेमकं उलट वागले. गेले की पहिला प्रश्न, "बाई, ओळखलंत का? सांगा बघू!" त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, ओठ हलायचे... आणि मी घाईघाईने सांगून टाकायचे, "मी यमुना!" त्यांची पंचाईत वाचवतेय अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे मला भीती वाटायची. बाईंच्या डोक्यातून मी पुसली गेले असेन, तर ते मला कळायला नको होतं. वर्गात माझं पहिल्यांदा कुणी थांबून ऐकलं असेल तर ते याच बाईंनी.

शेवटच्या भेटीतही तसंच झालं. मी विचारलं, मीच सांगितलं. त्यांनी परक्या पाहुण्याला करावा तसा नमस्कार केला. एसटी चुकेल म्हणून मी निघाले, आणि वाटेत रडले.

दहाव्याला वैशाली चहा देताना सहज म्हणाली, "ताई, उधव्याला लाल बल्ब असं काही आहे का हो? त्या दिवशी तुम्ही फाटकाबाहेर पडलात, मी कप उचलत होते, तर आई म्हणाल्या, 'उधव्याची ती. लाल बल्बवाली.' दोनदा म्हणाल्या. मला वाटलं, असंच काहीतरी बोलतायत. म्हणून कळवलं नाही."

मी कप खाली ठेवला. उत्तर आलं होतं. लांबून, पण आलं होतं. मी तेवढा वेळ उभी राहिले नव्हते.

आता वर्गात मी प्रश्न विचारते आणि फळ्याकडे वळते. मागे चुळबुळ होते, कुणी फिदीफिदी हसतं, तास संपत आलेला असतो. हातांना खडू उरलेला नसतो. तरी मी पुसत राहते.