आईच्या मांडीतली निळी टिंबं

ते पत्रक मीच लिहिलं होतं, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. 'काढा प्या, प्रतिकारशक्ती वाढवा, रोग पळवा!' कोरोनात आमच्या संघटनेनं गल्लोगल्ली वाटलं. आईनं तर आमच्या चटणीच्या कांडपात, मशीनच्याही वर, खळीनं चिकटवलं. मिरच्या घेऊन आलेल्या बायकांना दाखवायची, "पोरीनं लिवलंय."

गेल्या वर्षी तिला मिरच्यांची बुट्टी खांद्याच्या वर उचलेना. मग पाटावरून उठता येईना. मांडीतल्या स्नायूचा तुकडा तपासायला घेतला. डॉक्टर म्हणाले, प्रतिकारशक्तीच स्नायूंवर उठलीय. ती दाबायच्या गोळ्या सुरू करू.

आईनं गोळ्या डब्यात ठेवल्या त्या ठेवल्याच.

"वाढवा म्हणून तूच सांगितलंस न्हवं? आता दाबा म्हंतीस व्हय? आधी तुझं एक काय ते ठरीव की!"

मी तणतणत लॅब गाठली. पुरावा दाखवा म्हटलं. तिथल्या डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं, "बघा."

उसाची मोळी आडवी कापावी तसे गुलाबी गोल, एकमेकांना खेटून. ते स्नायूचे तंतू. मधेच निळ्या टिंबांची झुंबड. त्या प्रतिकार करणाऱ्या पेशी.

"जंतू कुठाय?"

"नाही सापडला."

"मग ह्या भांडताहेत कुणाशी?"

"तंतूंशीच. नीट बघा, एक आत शिरलीय."

खरंच शिरली होती. धडधाकट तंतूच्या पोटात. माझ्या प्रत्येक पत्रकात एक शत्रू असतो; इथं तो सापडेचना.

"ह्यांना चिथावलं कुणी?"

"थोडंफार कळलंय. पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही."

एरवी अशा उत्तरावर मी बाईंशी भांडले असते. त्या दिवशी पुन्हा भिंगाला डोळा लावला. ह्याच तंतूवर का? शेजारचा कसा वाचला? बाईंनी दोनदा घड्याळ बघितलं, तरी मी हलले नाही.

मोबाईलवर फोटो काढून घरी आणला. आईनं दोन बोटांनी मोठा केला.

"ही निळी माझीच?"

"तुझीच."

"वाढवली तर आणखी खातील?"

"काढ्यानं वाढतात का, ते मलाही ठाऊक नाही. न तपासताच लिहिलं होतं. पण दाबली नाहीत तर खात राहतील."

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला.

"आण गोळ्या," म्हणाली. "आन कांडपातलं ते पत्रक तूच काढ. माझा हात तितका वर जात न्हाई."