वार्निश न जाळलेली तार

हेडफोनची तुटलेली तार जोडताना मी तिच्यावरचं वार्निश जाळलं नाही. तोच मुका हेडफोन कानाला लावून दोन दिवस अण्णाचं परस पालथं घातलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "इथे अंगठी नाही."

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. जे. पी. नगरातलं त्याचं घर बिल्डरला दिलेलं, सोमवारी जेसीबी येणार होता. वहिनीला जाऊन वर्षही झालं नव्हतं. कढीपत्त्याचं रोप लावताना तिच्या बोटातली अंगठी मातीत गेली होती. अंथरूण धरेपर्यंत ती खुरपं घेऊन त्या आळ्याभोवती बसायची. अण्णाला घराचं काही नव्हतं. माती उचलली जायच्या आत ती अंगठी तेवढी हवी होती.

शुक्रवारी गेलो तर हा सत्तरीचा माणूस परसात मांडी घालून, वाळूची चाळण घेऊन, ओंजळ-ओंजळ माती चाळतोय.

"अण्णा, ऊठ बघू. असं कोणी चाळतं का? मशीन आणतो."

"स्वल्पच राहिलंय रे. रविवारपर्यंत होईल."

"कंबर धरेल. ऊठ."

तो उठला. चाळण मी स्वतः पाणी मारून भिंतीला टेकवून ठेवली.

मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर. ऑफिसातल्या एका स्नेह्याने शेतातले जुने पाइप शोधायला घेतलेला. हेडफोनची तार प्लगपाशी तुटली होती. यंत्राला स्वतःचा स्पीकर होता, पण आवाजाने शेजारी गोळा झाले असते. आणि खरं सांगायचं तर, कानाला काही लावलं की माणूस जाणकार दिसतो. मी आतल्या केसासारख्या तारा सोलल्या, पिळल्या, सोल्डर केल्या, वर काळी नळी चढवली. काम इतकं देखणं झालं की तपासून बघणं मला अपमानाचं वाटलं.

प्लग खोचला की स्पीकर बंद होतो. स्नेह्याने बजावलं होतं, चालू असताना बारीक गुणगुण येते. मला काहीच येत नव्हतं. मी समजलो, हेडफोन उंची आहे.

शनिवार गेला, रविवार गेला. अण्णा पायरीवर बसून माझ्या तोंडाकडे बघायचा, मी मान हलवायचो. आळं मी तीनदा फिरलो. "सरी, बरं," तो शेवटी म्हणाला आणि आत गेला.

सोमवारी माती लॉरीत भरून गेली.

पुढच्या आठवड्यात यंत्र परत करायच्या आधी प्लग चकचकीत करून घ्यावा म्हणून इंदिरानगरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने माझी काळी नळी उपटली.

"हे कोणी केलं, सार?"

"एकाने केलं."

"त्याला सांगा, या तारांवर वार्निश असतं. ते जाळलं नाही तर कानात काही येत नाही."

त्याने तारांची टोकं जाळली, पुन्हा सोल्डर केली. मी किल्ल्या यंत्राखाली धरल्या. हेडफोन असा किंचाळला की मी तो काढून टेबलावर टाकला.

तसाच लॉरीवाल्याला गाठून शहराबाहेर होसकोटेला गेलो. माती तिथल्या कुठल्याशा शेडच्या भरावाला गेली होती, एवढं लॉरीवाल्याने सांगितलं. भराव दाबून वर सळयांचं काँक्रीट पडलेलं. तरी मी यंत्र फिरवलं. सळयांमुळे ते पावलापावलाला कोकलत होतं. वॉचमन थोडा वेळ बघत राहिला आणि मग त्याने फाटकाकडे बोट केलं.

संध्याकाळी अण्णाच्या भाड्याच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. वार्निशसुद्धा. तो ऐकत होता, चहा गार होत होता.

"मी चाळत होतो ते बरं चाललं होतं," तो म्हणाला. "तू आला नसतास तर सापडली असती."