घाडीबुवा आणि न उघडणारा नकाशा

कार्यालयाने आम्हाला फसवले. घाडीबुवाने फसवले नाही. ही दोन वाक्ये आधीच लिहून ठेवतो, कारण मालवणच्या बाजारात ती अजून उलटी सांगितली जातात आणि उलटी सांगणाऱ्यांशी भांडून माझा घसा बसला आहे.

घाडीबुवा कुठलाही अडलेला कागद इंटरनेटवरून उतरवायला घेण्याआधी संगणकापुढे गाऱ्हाणे घालायचा. गंमत म्हणून नव्हे. त्याचे घराणे घाड्यांचे. गावच्या देवळात देवापुढे उभे राहून सगळ्यांच्या वतीने मागणे मागायचा मान त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. तो मान थोरल्या भावाकडे गेला. धाकट्याने कॉमर्सची पदवी घेतली, एस. टी. स्टँडजवळ एका खानावळीला लागून दुकान थाटले आणि राहिलेला मान तिथे चालवला. दुकानात एक संगणक, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाकडे. दाखले, निकाल, अर्ज ही कामे होतीच, पण खरी ख्याती वेगळी होती. ज्या लिंकवर बोट दाबून दाबून माणसे रडकुंडीला आलेली असत, त्या लिंका घेऊन ती घाडीबुवाकडे येत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक शिक्षिका बाकड्यावर बसली होती. मुलीच्या निकालाची लिंक कुणीतरी तिला व्हॉट्सॲपवर पाठवली होती आणि ती उघडत नव्हती. घाडीबुवाने दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि देवळातल्याच आवाजात सुरुवात केली.

"हे बा देवा म्हाराजा! ह्या बाईच्या चेडवाचो निकाल खंयच्या सर्वरात अडाकलो आसात, तो मोकळो कर रे म्हाराजा!"

बाकड्यावरची माणसे सवयीने ओरडली, "व्हय म्हाराजा!"

"मधी कोण आडवो येत आसात, तर तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता बाईही ओरडली.

मग त्याने तिचा मोबाईल हातात घेतला. लिंक अर्धी निळी आणि अर्धी काळी होती. मधे मोकळी जागा सुटल्यामुळे ती तिथेच तुटली होती, आणि बोट दाबले की निळा तुकडा तेवढा पळत होता. त्याने पूर्ण ओळ उचलून संगणकावर नेऊन चिकटवली. निकाल उतरला. "शेपटी तुटली व्हती," तो म्हणाला आणि छाती फुगवून पुढच्या माणसाकडे वळला. नम्रपणा हा गुण त्याच्याकडे नव्हता. "हय इललो कागद परत गेलो नाय," म्हणजे इथे आलेला कागद न उतरता कधी गेला नाही, हे वाक्य तो दिवसातून इतक्या वेळा म्हणायचा, की शेजारचा खानावळवाला त्याच्याआधीच ते म्हणून दाखवायचा.

मी रागीट माणूस. सायकलवरून नारळ विकून सुरुवात केली आणि तारकर्लीला माडांच्या बागेत पर्यटकांसाठी चार खोल्या उभ्या केल्या. मला कुणी काही फुकट दिले नाही आणि मीही सांगितलेल्या भावात कधी काही घेतले नाही. संगणकाशीही मी तसाच वागत असे. एखादी फाईल उतरली नाही की पुन्हा बटण दाबायचो, मग पुन्हा, मग जोरात. एकदा घाडीबुवाने माझ्या हातातला माऊस काढून घेतला.

"शेटा, ह्यो काय नारळवालो न्हय, परत परत इचारलंस म्हणान भाव उतरवूक."

"मग काय करू? हात जोडू?"

"जोड. पण आदी काय लिवलाहा ता वाच."

पडद्यावर आलेली चूक तो मोठ्याने वाचायचा, शेवटच्या अक्षरापर्यंत. चुकीला तो कौल म्हणत असे. आमच्याकडे देवाला कौल लावतात. पाषाणावर चिकटवलेली कळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. चारशे चार आकडा आला की तो म्हणायचा, "पत्त्यावर गेलंव, पण घरात माणूस नाय." चारशे तीन आला की म्हणायचा, "माणूस आसा, पण दार उघडणा नाय." दोन्ही डावेच कौल, पण एक नव्हेत. "देवाक गाळी घालून कौल बदालता काय? प्रश्न बदल."

प्रश्न बदलायची त्याची रीत ठरलेली होती. लिंकच्या लांबलचक पत्त्याचा शेवटचा तुकडा तो खोडायचा आणि उरलेला उघडून बघायचा. मग त्याच्या आधीचा तुकडा. असे करत करत थेट संकेतस्थळाच्या पहिल्या पानापर्यंत वर चढायचा आणि तिथून पुढच्या दाराने आत येऊन कागद शोधायचा. "पोराक कित्याक मारतंस? बापाशीक इचार." कुणी कुठलीही लिंक दाखवली की त्याचा पहिला सवाल हाच. हिचो बापूस कोण? कुठल्या पानावरून आली, कुणी तिथे ठेवली, कुणाच्या सांगण्यावरून? ज्या लिंकचा बाप माहीत नाही, ती उघडली तरी तो तिच्यावर विश्वास ठेवत नसे. हा एक गुण मात्र मला पटला. मीही माल कुठल्या बागेतला, हे कळल्याशिवाय पैसे काढत नाही.

फाईल उतरली तरी तो लगेच हातात देत नसे. आधी तिचा आकार बघायचा. मोठ्या नियमावलीची फाईल चिमूटभर भरली तर ती नियमावली नव्हेच. कागदाचे नाव धारण करून चूक दाखवणारे पानच उतरलेले असते. "नारळ हालयल्याशिवाय घेतंस काय तू? मगे ही कित्याक घेतंस?" माझाच धंदा मला शिकवतो म्हणून मी चिडलो होतो. पण तेव्हापासून मी प्रत्येक फाईल हलवून बघतो.

त्यानंतर तो नकाशा आला.

किनाऱ्यालगत कुठे बांधकाम चालेल आणि कुठे नाही, हे ठरवणारा आमच्या गावाचा नकाशा जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयाने तयार केला होता. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लागली. नकाशा पाहून हरकती पाठवा, मुदत एक महिना, नकाशासाठी खालील लिंक. रेषा कुठून जाते त्यावर माझ्या चार खोल्या राहणार की पडणार, हे ठरणार होते. माझ्याच नव्हे, वाडीतल्या बऱ्याच जणांच्या. सगळ्यांनी लिंक मोबाईलवर घातली. कुणाचीही उघडली नाही.

मी घाडीबुवाकडे गेलो. त्याने गाऱ्हाणे घातले, बाकडे गरजले, कौल डावा आला. त्याने शेपटी तपासली, ती शाबूत होती. बापाकडे गेला, बापही गप्प. मग कार्यालयाच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावरून आत शिरला. तिथे गावांची यादी होती आणि शेजारच्या गावाचा नकाशा झटकन उतरला. आमच्या गावाच्या नावावर दाबले की पुन्हा तीच लिंक आणि पुन्हा कोरे पान. "ब्राउझर जुना कौल मनात धरून बसता कदी कदी. परक्याच्या तोंडान इचारूया," म्हणून त्याने खासगी खिडकी उघडली. मग दुसरा ब्राउझर. मग खानावळवाल्याचा मोबाईल, दुसऱ्या कंपनीचे नेट. सगळीकडे डावाच.

मी कार्यालयात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "आमच्याकडे तर उघडतो. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये दोष असेल."

"मग छापील प्रत द्या, मी न्यायला येतो."

"छापील प्रत नाही. आता सगळं ऑनलाईन."

माझ्या तोंडून जे निघाले ते इथे लिहीत नाही. फोन ठेवला तेव्हा घाडीबुवा पडद्याकडे बघत बसला होता. त्याची छाती प्रथमच फुगलेली नव्हती. त्यानंतर तो रोज सकाळी दुकान उघडले की पहिली ती लिंक लावायचा. बोहनीच्या आधी. शेवटी मुदत संपत आली तशी त्याने आम्हा सगळ्यांच्या वतीने हरकत लिहून दिली. नकाशा पाहता आला नाही, तो पाहायला मिळेपर्यंत आमचा हक्क राखून ठेवत आहोत. आम्ही सह्या केल्या.

जिल्ह्याच्या गावी कार्यालयातच झालेल्या सुनावणीला घाडीबुवाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. सभागृहात साहेबांसमोर संगणक आणि भिंतीवर मोठा पडदा. साहेबांनी आमची हरकत वाचली, हसले आणि समोरच्या संगणकावर तीच लिंक दाबली. नकाशा क्षणात पडद्यावर आला. रंगीत, स्पष्ट, पूर्ण. माझ्या चारही खोल्या बांधकामबंदीच्या लाल पट्ट्यात होत्या.

"उघडतो की," साहेब म्हणाले. "कुणाकडे उघडत नव्हता?"

आमच्या वाडीतली सगळी माणसे वळून घाडीबुवाकडे बघू लागली. तो उभा राहिला. मला वाटले, आता हा बोलेल. इतकी वर्षे प्रत्येक कौलाचा अर्थ सांगत आलेला माणूस. तो एवढेच म्हणाला, "साहेब, मला कळत नाही असं का झालं." शुद्ध मराठीत. साहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या गावाचे नाव पुकारले. मी आरडाओरडा केला. दोन जणांनी मला धरून बाहेर आणले.

घाडीबुवा मागून आला. व्हरांड्यात त्याने मोबाईल काढून लिंक लावली. उघडली नाही. तो तिथेच उभा राहिला. दाराशी कार्यालयाचा शिपाई स्टुलावर बसून मोबाईलवर काहीतरी बघत होता. घाडीबुवाने त्याला विचारले, "तुमचा मोबाईल इथल्या वायफायवर आहे ना?" त्याने हो म्हटले. "जरा ही लिंक लावून बघता?" शिपायाने दारात बसल्या बसल्या लावली. नकाशा उघडला.

"आता वायफाय बंद करून अंगणात या."

शिपायाने अंगणात उतरून पुन्हा लिंक दाबली. नकाशा गेला. पुन्हा आत नेला, वायफाय लावले, नकाशा आला.

घाडीबुवा हळूच म्हणाला, "शेटा, ही लिंक घरातलीच. उंबऱ्याच्या भुतूर कौल उजवो, भायर डावो." फाईल कार्यालयाच्या आतल्या यंत्रावर ठेवलेली होती आणि पत्ताही आतलाच छापला होता. सभागृहात बसलेल्याला ती उघडणारच. गावातल्या कुणालाही ती कधी उघडणार नव्हती.

आम्ही धावत आत गेलो. साहेब जेवायला गेले होते. परतले तेव्हा ऐकायला तयार नव्हते. नंतर लेखी कळवले तर एका ओळीचे उत्तर आले. सुनावणी पूर्ण झाली आहे.

नकाशा पक्का झाला. माझ्या खोल्यांच्या दारावर पाडण्याची नोटीस चिकटवली गेली. वाडीतल्या इतरांच्याही. लोकांना राग काढायला कुणीतरी हवे होते. साहेबांना शिव्या द्यायला एस. टी.ने जिल्ह्याच्या गावी जावे लागते, घाडीबुवाला द्यायला नुसती मान वळवली की पुरते. "तेच्या मशिनीत खोट व्हती, साहेबान सगळ्यांसमोर उघडून दाखयल्यान," असे ज्याच्या त्याच्या तोंडी झाले. शिपाई आणि अंगण यांची गोष्ट मी सांगितली, ती कुणी ऐकली नाही. तोट्यातल्या माणसाची बाजू कोण ऐकतो? खानावळवालाही ते छाती फुगवलेले वाक्य म्हणून दाखवायचा, पण आता त्यावर हसणे वेगळे असायचे. बाकडे रिकामे राहू लागले. एक दिवस ते बाकडेच खानावळीत जाऊन बसले.

दुकान बंद करायच्या दिवशी मी गेलो होतो. प्रिंटर पोत्यात बांधलेला होता. घाडीबुवाने संगणक बंद करण्याआधी हात जोडले, सवयीने. "हे बा देवा म्हाराजा! हय जा काय बरा-वायट झाला, ता पदरात घी रे म्हाराजा!" ओरडायला मी एकटाच होतो. मी ओरडलो. आवाज विचित्र वाटला.

आता तो बांद्याला राहतो आणि रोज हद्द ओलांडून गोव्यातल्या एका हॉटेलात नोकरीला जातो. मध्यंतरी बांद्याच्या बाजारात भेटला. मी विचारले, "थंय घालतंस काय गाऱ्हाणां?"

"नाय रे," तो म्हणाला. "थंय 'व्हय म्हाराजा' म्हणूक कोण नाय."

त्याने माझ्या खोल्यांचे विचारले नाही. मीही त्याच्या दुकानाचे काढले नाही. दोघांनी एका गाड्यावर चहा घेतला आणि त्याची बस आली.

मी काही मोठे मागत नाही. खोल्यांची लढाई मी माझी लढेन, भाव करत करतच इथवर आलो आहे. मला फक्त घाडीबुवाचा नेहमीचा प्रश्न कार्यालयाला विचारायचा आहे. आतल्या दाराचा पत्ता बाहेरच्या फळ्यावर कुणी लावला? कुणाच्या सहीने? "आमच्याकडे तर उघडतो" असे फोनवर सांगणाऱ्याने एकदा तरी उठून अंगणात जाऊन बघितले का? त्या एका लिंकपायी माझी चार दारे आणि एका माणसाचे नाव गेले. तिला कुणीतरी जन्म दिलेला आहे. त्याने पुढे यावे, आमच्या वाडीसमोर उभे राहावे आणि सांगावे.

हिचो बापूस कोण?