गहिनीआप्पांची स्वप्नं आणि पश्चिमेची खिडकी

श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात पेपर उशिरा आला तर कोणी मनावर घेत नाही. गहिनीनाथ आप्पांना उशीर झाला, तर मात्र अजिनाथच्या चहाच्या टपरीवर माणसं रस्त्याकडे माना वळवून बसतात. पेपरात काय, कालचंच असतं. आप्पांकडे रात्रीचं ताजं असतं.

आप्पा तसे अबोल. ऊस वाट्याने दिलेला, पासष्टी ओलांडलेली, कोणाच्या अध्यात ना मध्यात. लेकीचं स्थळ बघायला शेवगावला गेले होते, तेव्हा होणाऱ्या व्याह्यांनी अगत्याने विचारलं, "प्रवास कसा झाला?" आप्पा म्हणाले, "झाला." त्यानंतर चहा, पोहे, पुन्हा चहा, पण आप्पांच्या तोंडून दुसरा शब्द नाही. व्याह्यांना वाटलं, पाहुण्यांना मुलगा पसंत नाही. लग्न मोडता मोडता राहिलं.

हाच माणूस सकाळी टपरीच्या बाकावर बसला, उपरणं मांडीवर ठेवलं आणि स्वप्न सांगायला लागला, की ऐकत राहावं. "ऊस तोडनी चाललेली. पन उसाच्या जागी छत्र्या उगवलेल्या. काळ्या, मिटलेल्या. आपला दुकानवाला कानिफनाथ शेरडी घिऊन काट्यावर हुबा, म्हनतो हिचं वजन करा. तर शेरडीच म्हनली, आदी ह्याचं करा." बाक हलायचा इतकी माणसं हसायची. आप्पा हसायचे नाहीत. ते साक्षीदाराच्या गंभीरपणाने सांगायचे, पाहिलं ते.

टपरीवर एक रिवाज पडून गेला होता. आप्पांच्या स्वप्नात जो आला, त्याने त्या सकाळचा सगळ्यांचा चहा पाजायचा. रिवाज कोणी घातला ते आता कोणालाच आठवत नाही, पण मोडायची कोणाची छाती नाही. "मी गेलोच नव्हतो" असं म्हणून सुटता येत नाही, कारण तुम्ही कुठं कुठं गेला होतात हे आप्पांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. खत-बियाण्याचे दुकानदार कानिफनाथ तर इतक्या वेळा आले, की त्यांनी एकदा आप्पांना हात जोडले. "आप्पा, जरा दुसरी मानसं बघा की." पण आत कुठेतरी त्यांनाही बरं वाटायचं. आप्पांच्या शेजारच्या गोरक्षनाथला अख्ख्या वर्षात एकदाही बोलावणं आलं नाही, तेव्हा तो महिनाभर आप्पांशी नीट बोलत नव्हता.

नाराज असलेलं आणखी एक माणूस होतं, आणि ते आप्पांच्या घरातच होतं. बनुबाई, आप्पांची बायको.

"सगळ्या गावाला सपनात बोलवत्यात," तांदूळ निवडता निवडता त्या म्हणायच्या. "शेरडी येती, कानिफनाथ येतोय. मला मेलीला एकदा न्हाई. चहा पाजाय लागंन म्हनून वगळत्यात का काय देव जाने."

"ते काय माझ्या हातात हाय व्हय?" आप्पा म्हणायचे.

बोलणं चेष्टेचं होतं. पण इतकी वर्षं तीच चेष्टा पुन्हा पुन्हा केली जाते, तेव्हा ती नुसती चेष्टा नसते, हे आप्पांना कळायला हवं होतं. कळलं नव्हतं.

आता खिडकीचं सांगतो.

आप्पांची झोपायची खोली पश्चिमेला. दुपार कलली की ऊन खिडकीतून सरळ पलंगावर येऊन बसायचं आणि पाहुण्यासारखं उठायचं नाव घ्यायचं नाही. भिंती पहाटेपर्यंत तापलेल्या. त्यात पहाटे लाईट जायची. आप्पांची लेक ज्ञानेश्वरी नगरला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिने आधी छोटा एसी बसवून दिला. एसी गार करायचा, खिडकी ते सगळं बाहेर सोडून द्यायची, आणि बिल आलं की आप्पा त्या एसीकडे घरजावयाकडे बघावं तसे बघायचे. मग ज्ञानेश्वरी कुठूनशी नव्या खिडक्यांची माहिती काढून आली आणि श्रीरामपूरच्या आदिलला तिने कामाला लावलं.

आदिल खिडक्यांचं काम करणारा हुशार पोरगा. हातापेक्षा तोंड जास्त चालणारा, पण काम चोख. खिडकीचा नवा काचेचा पल्ला बसवताना त्याने आप्पांना समजावलं, "आप्पा, ही एक काच नाही, दोन आहेत. मधे हवा कोंडलेली. आणि आतल्या बाजूला एक थर आहे, डोळ्यांना दिसत नाही. उजेड आत येतो, पण उष्णता आली तशी माघारी जाते. आतला गारवा आतच राहतो. रात्री थोडा वेळ एसी लावा, बंद करा, पहाटेपर्यंत खोली गार. लाईट गेली तरी बिनधास्त."

"हं," आप्पा म्हणाले.

आणि खरंच तसं झालं. ट्रॅक्टरचे आवाज गेले, धूळ गेली, उकाडा गेला. बनुबाई उन्हं वर येईपर्यंत झोपायला लागल्या. त्यांच्या अंगणात सडा उशिरा पडलेला पाहून शेजारणी तब्येत विचारायला आल्या. बनुबाईंचा चेहराच बदलला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, जी आप्पांना जन्मापासूनची वाटत होती, ती फिकी पडली.

आप्पाही दगडासारखे झोपले. सकाळी उठले, टपरीवर गेले, उपरणं मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "आज सपान न्हाई."

अजिनाथने चहाचं पातेलं खाली ठेवलं. "म्हंजी?"

"न्हाई म्हंजी न्हाई. पाटी कोरी."

दुसऱ्या दिवशी कोरी. तिसऱ्या दिवशी कोरी. आठवडा गेला. चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, ही नवी अवस्था माणसांना मानवेना. हळूहळू बाकावरची माणसं मोबाईल काढून बसायला लागली. आप्पा यायचे, कोपऱ्यात चहा प्यायचे, आणि "झाला" म्हणणारे तेच जुने आप्पा होऊन घरी परत जायचे. त्यांच्याकडे दिवसभरात बोलायचं तेवढंच होतं, आणि तेच आटलं होतं. हे दुःख कोणाला सांगायचं तर तेही शब्दांचं काम.

शेवटी एका सकाळी आप्पांनी आयुष्यातलं पहिलं खोटं स्वप्न रचलं.

"काल सपनात म्या श्रीरामपूरला गेल्तो," त्यांनी सुरुवात केली. मोबाईल खिशात गेले. "यष्टी टायमाला आली. बसाय जागा घावली. सुट्टे पैसे हुते. उतरलो, तर समोर कानिफनाथ. त्यो म्हनला, चला चहा पिऊ..."

"थांबा," कानिफनाथ म्हणाले. "यष्टी टायमाला आली?"

"आली."

"वर जागा घावली? सुट्टे पैसे बी हुते?"

"हुते."

"आप्पा, सपनात इतकं सुरळीत कधी चालतंय व्हय? शेरडी न्हाई, छत्री न्हाई, आन नेमका मीच चहा पाजायला? हे सपान न्हाई, हे तुमी बसून रचलंय!"

टपरी हसली. पण हे हसणं शेरडीचं नव्हतं. आप्पांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते अर्धा चहा तसाच टाकून उठले, आणि घरी येऊन त्यांनी सरळ आदिलला फोन लावला.

"पल्ला काढ. जुनी खिडकी बसव."

आदिल घाबरून धावत आला. "काय झालं, आप्पा? पाणी आलं आत? रबर सुटलं?"

"न्हाई."

"मग?"

आप्पांना सांगायला अवघड गेलं. शेवटी काचेवर बोट ठेवून म्हणाले, "त्यो जो थर हाय, न दिसनारा. उष्णता माघारी पाठवनारा. त्यो अजून काय काय माघारी पाठवतो?"

आदिलला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने हसू गिळलं आणि कंपनीच्या माणसाच्या गांभीर्याने काच तपासली. "आप्पा, स्वप्नं अडवायचा थर अजून निघालेला नाही. निघाला तर माझी अम्मी पहिली घेईल, तिला रोज परीक्षेची पडतात." पण आप्पा हसले नाहीत. तेव्हा तो म्हणाला, "रविवारी ताई येणार आहेत ना? त्यांच्यासमोर काढतो. नाहीतर त्या मलाच धरतील."

रविवारी ज्ञानेश्वरी आली. तोवर आदिल स्क्रू ढिले करून बसला होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांच्या शेजारी पलंगावर बसली.

"आप्पा, स्वप्नं थांबलेली नाहीत. तुम्हाला ती अजूनही पडतात, सगळ्यांनाच पडतात. पापण्यांआड डोळे फिरत असतात तेव्हा बहुतेक स्वप्नच चालू असतं. पण ते आठवायचं तर मधेच जाग यावी लागते. गाढ झोपून सकाळी उठलं की पुसून गेलेलं असतं. आधी तुमची झोप मोडायची, म्हणून तुम्हाला इतकं आठवायचं. आता मोडत नाही. खिडकीचा दोष एवढाच, की तिने तुम्हाला झोपू दिलं."

"मंग आदी झोप कशानं मोडायची?"

"ते तुम्हीच आठवा."

"भोंगा," आप्पा म्हणाले. "कारखान्याचा."

"उन्हाळ्यात साखर कारखाना बंद असतो, आप्पा. तुमची सगळ्यात गाजलेली स्वप्नं उन्हाळ्यातली."

"गोरक्षनाथचा कोंबडा."

"तो त्यांनी माझ्या लग्नाच्या आधीच खाल्ला."

आप्पा विचारात पडले. लाईट जाऊन उकडायचं म्हणावं, तर लाईट गेल्या गेल्या कधी जाग आल्याचं त्यांना आठवेना. बऱ्याच वेळाने यायची. आणि हिवाळ्यात तर उकडायचंही नाही.

हे चाललेलं असताना बनुबाई उठल्या. कपाटाच्या मागे हात घालून त्यांनी एक पुठ्ठा काढला. साडीच्या खोक्याचा, कडा मऊ पडलेल्या, एका बाजूला हाताचा तेलकट डाग. पदराने त्यावरची धूळ पुसली आणि गुपचूप आपल्या उशीखाली सारला.

"हे काय, मावशी?" आदिलने विचारलं.

"आता खिडकी काडतोयस न्हवं तू," बनुबाई म्हणाल्या. "मंग लाईट गेल्यावर लागंन की परत. ह्यास्नी उकाडा सोसत न्हाई. वारा घालाय बसावं लागतं."



"रोज, आई?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"रोज कशाला? थंडीत न्हाई. थंडीत गोधडी टाकून देत्यात अंगावरची, ती सारकी घालाय उटावं लागतं, तवाबी ह्यास्नी जाग येतीच." बनुबाई अगदी सहज बोलत होत्या. "उन्हाळ्यात लाईट गेली की बसायची घालत वारा. मंग हात भरून यायचा, जरा थांबला की हे लगीच जागं. आन जागं झालं की बाक सोडून काय सुचायचं न्हाई. कदी चहा पिऊन निगत्यात आन कदी बाकावर बसून सांगत्यात, असं व्हायचं ह्यास्नी."

मानसशास्त्राच्या बाईंना इतक्या वर्षांत आपल्या घरातली ही गोष्ट ठाऊक नव्हती. तिने आईचा उजवा हात नुसता हातात घेतला. आदिल स्क्रू मोजत असल्यासारखा खाली बघत राहिला.

आप्पा बायकोकडे बघत होते. छत्र्यांचं शेत, बोलणारी शेरडी, सारी टपरी ज्यावर हसली ते सगळं, ह्या बाईचा हात दमला म्हणून मिळालेलं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. आप्पांनी घसा खाकरला.

"तू... तू बोल्ली न्हाईस कदी."

"त्यात काय बोलायचं?" बनुबाई म्हणाल्या. मग एकदम त्यांना काहीतरी उमगलं आणि त्या स्वतःशीच हसल्या. "बघा की! मी आपली उगंच तुमाला टोचत हुते, मला सपनात बोलवत न्हाई म्हनून. मी कशी येनार? मी तर शेजारी जागी बसलेली."

आप्पांनी तोंड फिरवलं. बराच वेळ ते पश्चिमेच्या काचेतून बाहेर बघत होते, बाहेर बघण्यासारखं काही नसताना. मग म्हणाले, "आदिल, पल्ला बसव परत. आन रबर नीट दाब. बारीक सुदिक फट ठिवू नगं."

तो पुठ्ठा त्यांनी स्वतः उशीखालून काढला. फेकायचा म्हणून अंगणापर्यंत नेला, आणि परत आणून कपाटात, आपल्या चांगल्या धोतराच्या घडीत ठेवला.

पुढे काही दिवसांनी एका पहाटे लाईट गेली. खोली गारच होती. आप्पांना त्या दिवशी आपण होऊनच जाग आली. डोक्यात काही नव्हतं, पाटी कोरीच. त्यांनी कूस बदलली. खिडकीतून फटफटीत उजेड यायला लागला होता आणि बनुबाई गाढ झोपल्या होत्या. आपल्या बायकोला झोपलेलं आपण कधी नीट पाहिलंच नव्हतं, हे आप्पांच्या तेव्हा लक्षात आलं.

बनुबाईंच्या पापण्यांआड डोळे फिरत होते. चादरीवर पडलेला उजवा हात मनगटापासून हळूच हलला. इकडे, तिकडे. थांबला. पुन्हा इकडे, तिकडे.

आप्पांनी तिला हलवायला हात पुढे केला. आत्ता जागं केलं तर तिला आठवेल, लेकीने, ज्ञानूने सांगितलं होतं. तिलाही आयुष्यात पहिल्यांदा आपलं स्वप्न सांगता येईल. हात अर्ध्या वाटेवर थांबला. आप्पांनी तो मागे घेतला, आवाज न करता चपला घातल्या आणि टपरीवर गेले.

"काय आप्पा, सपान?" अजिनाथने सवयीने विचारलं. आशा कोणालाच नव्हती.

"पडलं."

मोबाईल खाली आले. कानिफनाथ बाकाच्या पार टोकाला सरकले.

"पन मला न्हाई. ज्ञानूच्या आईला."

"आँ? आन काय पडलं मावशीला?"

"ठाव न्हाई. जागं न्हाई केलं तिला."

"मंग सपनात आलतं कोन, ते कसं कळायचं?" कानिफनाथ म्हणाले. "चहा कुनाच्या नावावर?"

आप्पांनी उपरणं मांडीवर नीट घडी घालून ठेवलं.

"सगळ्यांना दे, अजिनाथ," ते म्हणाले. "माझ्याकडून."