चिलखत्याची पाठ

येडगावला पाटाच्या कडेला जी एकटी वस्ती आहे, तिथं धोंडाबाई आणि तिची सून वृषाली राहतात. धोंडाबाईचा मुलगा दादाभाऊ चाकणला कंपनीत असतो, सुट्टीला घरी येतो. नात समृद्धी नारायणगावला मामाकडे शिकते. तिला तिकडं ठेवली ती शाळेसाठी, असं वृषाली सगळ्यांना सांगते. खरं कारण दारासमोरचा ऊस.

वृषाली आण्याच्या पठारावरची, उघड्या माळरानाची. तिकडं माणूस येताना कोसभरावरून दिसतं. लग्न होऊन ती येडगावला आली तर तीन बाजूंनी ऊस, आणि उसात काय आहे ते कुणालाच दिसत नाही. पहिलं वर्षभर ती धुणं वाळत घालतानासुद्धा देवाचं नाव घ्यायची. पुढं सवय झाली, म्हणजे नाव घ्यायची सवय झाली. भीती होती तिथंच राहिली.

अशा बाईला गेमचा नाद लागावा हे नवलच. झालं असं की लॉकडाऊनमध्ये तिच्या भावानं, भरतनं, कुणीतरी मोडीत दिलेला गेमचा डबा समृद्धीसाठी आणून टीव्हीला जोडला. लेकीचा नाद महिन्याभरात सुटला आणि आईला लागला.

एका पोरसवदा वीराची गोष्ट होती ती. तिचे भागावर भाग निघालेले. दर भागात रानं नवी, गुहा नव्या, पण एक वैरी ठरलेला. पायापासून डोक्यापर्यंत लोखंडात मढवलेला, दारात मावणार नाही एवढा. त्याचं इंग्रजी नाव वृषालीच्या जिभेवर बसेना, म्हणून तिनं त्याला चिलखत्या म्हणायला सुरुवात केली. मग भरतही तसंच म्हणायला लागला.

चिलखत्यावर समोरून कितीही वार करा, नुसतं खण्ण वाजायचं. तो हळू चालायचा, पण त्याची तलवार एकदा बसली की खेळ संपला. भरत हुशारी करून समोरून भिडायचा आणि दर वेळी मरायचा.

"ताई, तू कशी गं मारतीस त्याला?" एकदा त्यानं विचारलं.

"मी काय करत नाय. बसून ऱ्हाते."

तेच खरं होतं. चिलखत्याची मान वळायची नाही. वळायचं तर तो अख्खा वळायचा, गाडी वळवावी तसा. त्याच्या पाठीवर चिलखत आवळायची एक वादी होती. वृषाली खांबामागं दबून बसायची, अंगठा बटणावर ठेवून. तो इकडं तोंड करून आहे तोवर हलायचंच नाही. कितीही वेळ जाऊ दे, घाई तिला नसायची. कधीतरी तो पाठ फिरवायचाच. मग एकच वार, वादी तुटायची, लोखंड गळून पडायचं.

दुपारची कामं आटपली की तेवढा अर्धा-पाऊण तास तिचा असायचा. दिवसभर ज्या बाईचा जीव पाखरासारखा उडत असायचा, ती तेवढा वेळ दगडासारखी थंड बसायची. त्या एका जागी भ्यायची पाळी दुसऱ्याची होती.

औंदा शेजारच्या गावात बिबट्यानं गवत कापणारी बाई नेली. वाकलेली होती, मागून मानेला धरलं. पंधरवडाभर कुणी एकटं शेतात गेलं नाही. मग वनखात्याकडून गळ्यात घालायचे पट्टे आले. जाड कातड्यासारखे, बाहेरच्या बाजूला अणकुचीदार खिळे निघालेले. वस्तीवरही दोन मिळाले.

धोंडाबाईनं पट्टा हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. तिच्या सासऱ्याची मेंढरं होती, तिचं निम्मं आयुष्य मेंढरांच्या फिरत्या वाड्यामागं रानोमाळ गेलेलं.

"ह्यो तर कुत्र्याचा पट्टा हाय. आमच्या मेंढरामागच्या कुत्र्यांना असाच व्हता, लोखंडी. माणसानं घालायचा म्हंजे आता भुंकायचं बी का?"

"आत्या, घाला वं. मानेला धरतो तो."

"माझ्या मानंत काय उरलंय? त्याचं दात दुखतील." असं म्हणून तिनं गोठ्यात जाऊन पट्टा गाभण शेळीच्या गळ्यात बांधला. "हिच्या पोटात दोन हायेत. हिला कामाचा."

वृषालीनं मात्र आपला पट्टा गळ्यात आवळला आणि नीट बसलाय का बघायला आरशापुढं उभी राहिली. मान वळवून बाजूनं पाहायला गेली तर मान वळेना. पट्ट्याची कड हनुवटीखाली रुतत होती. मग ती अख्खी वळली.

असं वळणं तिनं हजारदा पाहिलं होतं, खांबामागून.

गावातल्या बाकीच्या बायकांना पट्ट्यानं धीर आला. वृषालीचा होता तोही गेला. लोखंडात मढवलेल्याला कसं मारायचं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? समोर जायचं नाही, घाई करायची नाही, त्यानं पाठ फिरवूस्तोवर बसून राहायचं. त्या दिवसापासून तिनं टीव्हीचं बटण दाबलं नाही. अंगणात उभी राहायची तर भिंतीला पाठ लावून.

"भिंतीला टेकू दिलाय व्हय गं?" धोंडाबाई विचारायची. "पडायची न्हाई ती. तुझ्या सासऱ्यानं बांधलीय."

वृषालीनं दादाभाऊला फोनवर सांगून पाहिलं. "तो बसून असतो वं. आपण पाठ केली की येणार."

"कोण?"

"तोच."

"तू आधी तो गेम बंद कर," दादाभाऊ म्हणाला. तिनं फोन ठेवला.

पौषातली दुपार होती. वृषाली चहा ठेवून गोठ्याकडं गेली तर विळा आणि दोरी जागेवर नव्हती. धोंडाबाई न सांगता गवताला गेली होती. वृषालीनं गॅस बंद केला, देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाकडं पाहून हात जोडले आणि पट्टा आवळून निघाली. वाटेत टिटवी सारखी ओरडत होती.

उसाच्या कोपऱ्याला वळसा घालून ती बांधावर आली आणि थांबली. पलीकडच्या टोकाला धोंडाबाई वाकून गवत कापत होती, पाठमोरी. आणि दोघींच्या मधे, बांधाच्या कडेला, बिबट्या पोट जमिनीला लावून बसला होता. त्याचीही पाठच वृषालीकडं होती. डोळे धोंडाबाईच्या मानेवर. शेपटाचा फक्त शेंडा हलत होता.

ते बसणं तिनं ओळखलं. त्याला घाई नव्हती.

एक क्षण तिला वाटलं, आपण ह्याच्या मागं आहोत, ह्याला कळलेलं नाही. अंगठा आपोआप दाबला गेला. एवढ्यात बिबट्याचा एक कान मागं वळला, तिच्याकडं. बाकी अंग होतं तसंच. त्याला ती आल्याचं केव्हाच ठाऊक होतं. चिलखत्याला असा कान नव्हता.

पळावं तर आत्या तिथंच वाकलेली राहणार.

"आत्या," तिनं हाक मारली. आवाज नेहमीसारखा निघाला, कसा ते तिचं तिला कळलं नाही. "आत्या, उभ्या ऱ्हा."

"भारा बांधू दे गं."

"भारा ऱ्हाऊ द्या. आदी उभ्या ऱ्हा."

"चहा काय पळून चाललाय?" असं पुटपुटत धोंडाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली, वळली, आणि तिला दिसलं.

ती ओरडली नाही. विळा हातात घट्ट धरून ती ताठ उभी राहिली. दोन्हीकडं दोन उभी माणसं झाली तसा बिबट्या उठला. त्यानं एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं आणि पाणी मुरावं तसा उसात शिरला. पान हललं नाही. वाईट होतं ते हेच. आता तो कुठंही होता.

"तितंच थांब. मी येती," धोंडाबाई म्हणाली.

"नगं. मी येते." दोघींमधल्या वाटेवर तो शिरला ती जागा होती. म्हातारीला तिथून एकटीला येऊ देणं वृषालीला जमलं नसतं. खंडोबाचं नाव घेत, तोंड उसाकडं ठेवून, ती खेकड्यासारखी आडवी चालत गेली. तिथलं गवत अजून दबलेलं होतं. धोंडाबाईजवळ पोचल्यावर तिनं तिच्या पाठीला आपली पाठ लावली.

"खिळं टोचत्यात गं."

"टोचू द्या."

तशाच दोघी घरापर्यंत आल्या, एक सरळ, एक उलटी, बैलजोडी बिथरल्यासारख्या. धोंडाबाईच्या मानेवर ओरखडे उठले. दार लावल्यावर वृषाली उंबऱ्यातच बसली आणि तिला हुंदका फुटला. धोंडाबाईनं चहा गरम केला. गोठ्यात शेळी ओरडत होती. गवताचा भारा बांधावरच राहिला होता.

"उद्या कापायला तर लागंलच," धोंडाबाई म्हणाली. "गाभण जनावर उपाशी ठिवता येत न्हाई."

"मी येते. तुमी कापा, मी तुमच्या मागं उभी ऱ्हाते, उसाकडं तोंड करून."

"आन तुझ्या मागं?"

"तुमी हायेत की."

धोंडाबाईनं कप खाली ठेवला. मानेवरच्या ओरखड्यांवरनं तिनं हळूच बोट फिरवलं.

"मी वाकल्याली आसंन, पोरी."