विणकराच्या ओट्यापर्यंत

आमच्या घरात पोथ्या कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील गिरणीत कारकून. सभेहून येताना ते पत्रकं आणायचे, आई ती फळीवर अंथरायची आणि मी डबे बाजूला सारून वाचत बसायचो. मजुरीचे तास, दारूबंदी, शिवाशिव, सगळ्यांवर पत्रक होतं. म्हाताऱ्या माणसानं दिवस कसा काढावा यावर मात्र एकही नव्हतं. हे ध्यानात यायला आप्पा घरी यावे लागले.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. मोडनिंबजवळच्या गावात त्यांची शेती होती. काकू वारल्या, मुलगी सासरी गेलेली, म्हणून वडील त्यांना घेऊन आले. स्टेशनबाहेर टांग्यात चढवतानाच ते म्हणाले, "आप्पा, लई राबलात. आता बसून खायचं."

"बसून काय खायचं, सुतकाचं?" आप्पा म्हणाले. टांगेवाला हसला. वडील हसले नाहीत.

गावात आप्पांना कुणी बसू दिलं नव्हतं. ज्वारी निसवली की पाखरं राखायला माळ्यावर आप्पा, दावं वळायला आप्पा, दोन भावांत बांधावरून जुंपली की मध्ये उभं राहायला आप्पा. गाव म्हणजे स्वर्ग असं मी म्हणणार नाही. ज्याला माळ्यावर चढता येत नाही त्याची खाट तिथे गोठ्यात जाते, हे मी पाहिलेलं आहे. पण निदान चालता येईतो माणसाला हाक तरी येते. आमच्या चाळीत आप्पांना सगळे मान द्यायचे, आणि तो मान एकाच शब्दाचा होता. घागर उचलायला गेले, "बसा." दाराशी उभे राहिले, "बसा की आप्पा." आई नळावर, वडील गिरणीत, मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला. खोलीत आप्पा आणि गिरणीचा भोंगा.

थंडी सरता सरता त्यांच्या पायांना सूज आली. वैद्यांनी घोट्यावर बोट दाबलं, उमटलेला खळगा आम्हाला दाखवला आणि म्हणाले, "काढा देतो. पण काढ्यानं पाय चालत नसतात. रोज बाहेर पडा, चार माणसांत जा. या वयात बसला तो बसला. पावसाळ्यापर्यंत असेच राहिलात तर खाट धराल."

खाट धरणं म्हणजे काय हे आप्पांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून ते काठी घेऊन निघाले. आमचा बोळ पुढे वळतो आणि वळणानंतर तेलुगू विणकरांची घरं लागतात. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारा विणकर रहाटावर कांड्या भरत बसलेला असे. मागावर बसणं आता होत नव्हतं, पण मुलांच्या मागाला लागणारं सूत तोच कांड्यांवर गुंडाळायचा. त्याच्या घरात म्हातारपणालाही काम होतं. आप्पा तिथपर्यंत जात, काठीवर रेलून रहाट बघत आणि परत येत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

"लई बारीक काम हाय," ते संध्याकाळी सांगत. "धागा तुटला तर थुंकी लावून जोडतंय. मान वर करत न्हाय." त्या दिवसांत त्यांची भूक वाढली होती. घोटा दिसू लागला होता.

मग एके दिवशी ते लवकर परतले. काठी कोपऱ्यात टेकवली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी उठले नाहीत. तिसऱ्याही. आई म्हणाली पाय दुखत असतील. वडील म्हणाले, "बरंच झालं, आता आराम करा."

मी खनपटीला बसलो तेव्हा कुठे बोलले.

"त्यानं मला हटकलं."

"कुणी?"

"त्या रहाटवाल्यानं. मी ओट्यापाशी गेलो तर हात असा हलवला," त्यांनी पालथा पंजा खाली-वर करून दाखवला, "आन् म्हणाला, रा. रा, रा. म्हंजे तितंच ऱ्हा. वर येऊ नगं."

मी संतापलो. जाऊन जाब विचारतो म्हणालो. आप्पांनी माझं मनगट धरलं.

"कशाला? मी न्हाय का म्हणालो लोकांना? सोप्यात बसून म्हणायचो. तितंच रा, लांब रा. पाणी मागायला आलेल्यांना म्हणायचो." मनगट सोडत म्हणाले, "तवा वाटलं न्हाय, एवढं लागतंय म्हणून."

शिवाशिवीवर मी कितीतरी पत्रकं जुळवली होती. एवढं थोडक्यात आणि खरं त्यांतल्या एकातही नव्हतं. पण त्यामुळेच मला त्यांच्याशी वाद घालता येईना. त्यांनी ते आपल्या कर्माचं माप मानून घेतलं होतं, आणि माप घेतलेला माणूस खाटेवरून उठत नाही.

उन्हाळा असाच गेला. छापखान्यात माझ्याबरोबर एक तेलुगू सोबती होता. दुपारी भाकरी सोडताना मी सहज बोलून गेलो, तर त्याला ठसकाच लागला.

"अरे येड्या, रा म्हणजे ये! ये, बस, म्हणत होता म्हातारा. आमचा हात असाच हलतो बोलावताना."

"ये?"

"आणि रा आपल्या माणसाला म्हणतात. परक्याला मानानं म्हणायचा शब्द वेगळा आहे. तो तुझ्या आप्पाला सांगूच नको, काठी घेऊन अंगावर जाईल!" तो शब्द त्याने कानात सांगितला; मराठीत ती बाईला द्यायची घाण शिवी होती, मलाही हसू आवरेना.

मी तसाच घरी धावलो. आप्पांनी ऐकलं. मग स्वतःशीच हसले आणि म्हणाले, "काठी दे."

बोळात ते माझा हात न धरता निघाले. पण पाय आता ते राहिले नव्हते. वळणाआधीच गुडघे लटपटले. टेकायला त्या बोळात एक दगडही नाही. शहरानं गिरण्यांना जागा दिली, मालाच्या गाड्यांना दिली, पण दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये दम घ्यायला जागा ठेवली नाही. आप्पा एका परक्या उंबऱ्यावर बसले. आतून बाई म्हणाली, "बाबा, वाट सोडून बसा." ते उठले. पुढे जावं की मागे, क्षणभर बघत राहिले.

"पाठीवर घेतो," मी म्हणालो. "वळणाच्या पलीकडेच आहे."

"पाठीवर न्हेऊन बसवायला मी काय गणपती हाय? माणूस माणसाकडं पायानं जातो."

आम्ही मागे फिरलो. मी एकटाच विणकराकडे गेलो आणि खुणांनी, मोडक्या शब्दांनी सगळं सांगितलं. त्यानं रहाट थांबवून ऐकलं. मग धोतर बाजूला करून मागाच्या खड्ड्यात झिजलेले आपले गुडघे मला दाखवले. ओटा उतरणं त्यालाही होत नव्हतं.

घरी आल्यावर आप्पांनी विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि खाट भिंतीपासून दाराशी ओढायला सांगितली. दारातून वळण दिसतं, पलीकडचं काही दिसत नाही. ते तिकडे मान वळवून पडून राहिले. मग गिरणी सुटली आणि बोळ माणसांच्या पायांनी भरून गेला.